जुन्या बारदान्याचं फूल

"आत्याबाई, तुमची पूजेची पेटी आत ठेवते जरा."

"ठेवते म्हणून राहिलीस, का ठेवून आलीस?"

ठेवूनच आले होते. खोटं कशाला बोलू? सासूबाई न्हाणीत होत्या तेवढ्या वेळात मी त्यांची पेटी, पाट आणि विभूतीची डबी उचलून स्वयंपाकघरात माठाशेजारी नेली होती, आणि पुढच्या खोलीतल्या एकुलत्या एका खिडकीखाली माझं टेबल ओढलं होतं. टेबल कसलं, शिलाई मशीनचं मोडकं स्टँड आणि त्यावर फळी. फळीच्या कडेला मी शिकंजा आवळत होते.

शिकंजा म्हणजे लहानसा लोखंडी चिमटा. त्याच्या तोंडात मासे पकडायचा बारीक गळ धरायचा आणि त्यावर दोरा, पीस, लव गुंडाळत पाण्यातल्या किड्यासारखं काहीतरी बांधायचं. आम्ही त्याला फूल म्हणतो. परदेशातले हौशी लोक ते दोरीला लावून नदीत फेकतात, मासा किडा समजून तोंड मारतो आणि अडकतो. आता आमचं घर असं, की इथे अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. सासूबाई, गुरम्मा, चौऱ्याहत्तर वर्षांच्या, गळ्यात इष्टलिंग. आणि त्यांच्या खिडकीखाली मी कोंबड्याची पिसं पसरून बसले होते.

"चाळीस वर्सं त्या खिडकीत लिंग हातावर घेतलं मी," त्या म्हणाल्या. "बेलपान कुठं पडतंय ते दिसतंय तिथं. आत अंधार हाय."

"मला पण दिसायला लागतंय. आठ दिवस फकत."

"आठ दिवस म्हणं," असं पुटपुटत त्या आत गेल्या.

मला वाईट वाटलं का? अजिबात नाही. माझ्या डोक्यात तेव्हा एकच माणूस बसला होता, आणि त्याची जिरवायची तर मला उजेड पाहिजे होता.

त्या माणसाचं नाव राजशेखर. आमच्यातलाच, नात्यानं लांबचा दीर. सगळे त्याला अण्णा म्हणतात. लातूरच्या बाहेर त्याची पत्र्याची शेड आहे, तिथे चौदा बायका बसून फुलं बांधतात. नऊ वर्षं मी त्यांतली एक होते. पहिल्या दिवशी त्यानं सांगितलं होतं, "ही फुलं तिकडं बायका टोपीला लावतेत." आम्ही मान डोलावली. आमच्यातल्या बायका एरवी आल्याच नसत्या ना. गळ कशाला म्हणून कुणी विचारलं तर म्हणे, टोपीत अडकायला नको का? केवढ्या शहाण्या आम्ही! मी तर एक सुंदर तांबडं फूल घरी आणलं, गळाचं टोक मोडलं आणि आत्याबाईंना दिलं. त्यांनी ते बसवण्णांच्या फोटोला लावलं. दिवाळीला राजशेखर फराळाला आला, फोटोसमोर उभा राहिला, फूल बघितलं, हात जोडले आणि करंजी खाऊन गेला.

खरं काय ते मला बुद्धप्रियानं सांगितलं. ही मूळची हिमायतनगरची मुलगी, हैदराबादच्या एका निर्यात कंपनीत माल तपासायच्या कामावर. वर्षातून तीन-चार वेळा शेडवर यायची. एकदा तिनं मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. गुडघाभर पाण्यात उभा एक माणूस, त्याच्या हातात मासा आणि माशाच्या ओठात आमचं फूल. पण त्या दिवशी घरी येऊन मी काय केलं? फोटोवरचं फूल गुपचूप काढलं, 'धुळीनं खराब झालं' म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेले. हेही सांगितलंच पाहिजे. हाताला लागलेलं काम सुटत नव्हतं. मला ते फार चांगलं यायचं.

किती चांगलं, ते राजशेखरला पुरतं ठाऊक होतं. आमचे हे, संगमेश, डाळीच्या अडतीवर काट्यावर असतात. संध्याकाळी घरी येतात तेव्हा अंगावर बारदान्याची, म्हणजे पोत्यांची, लव असते. एक दिवस ती लव चिमटीत धरून बघितली आणि डोक्यात आलं, की हिचा किडा काय झकास होईल! जुनं पोतं सोड्यात उकळलं, उन्हात वाळवलं, उवांच्या फणीनं विंचरलं. त्या लवेचं अंग आणि पुढे गावरान कोंबड्याच्या मानेचं एक पीस, एवढंच. बुद्धप्रियानं ते शेडच्या मालातून उचललं आणि खाली ठेवेचना. तिकडच्या लोकांना तर वेड लागलं म्हणे. पुढच्या खेपेला त्या फुलाच्या पाकिटावर लावायचं छापील कार्ड आलं. वर नाव होतं 'अक्षरा'.

अक्षरा ही राजशेखरची मुलगी. तिनं आयुष्यात सुईत दोरा ओवलेला नाही.

"हे फूल मी सोता बांधलो," तो सगळ्यांसमोर बुद्धप्रियाला सांगत होता. "रातभर बसून."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठले आणि म्हणाले, "अण्णा, ते माझं हाय."

तो नुसता हसला. "शिवकांतावहिनी डावखुऱ्या हायत मॅडम. त्यांचं समदंच उलटं ऱ्हातंय."

बाकीच्या तेराही बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी तो आमच्या घरी आला. खुर्चीत बसून चहा प्याला आणि बशी खाली ठेवता ठेवता म्हणाला, "काकू, तुमची सून मासे मारायचे गळ बांधून राहिलीय, तुमाला माहीत हाय ना? ते बसवण्णाच्या फोटोला लावलं हुतं, ते बी तेच की."

आत्याबाईंनी फोटो उतरवला, धुतला, परत लावला. तीन दिवस जेवल्या नाहीत. चौथ्या दिवशी मला म्हणाल्या, "ज्या हातावर लिंग घेतीस त्याच हातानं हे करीत हुतीस?"

"ते लोक मासा सोडून देतेत आत्याबाई, पाण्यात परत."

"तोंड फाडून सोडतेत, म्हंजे उपकार केले व्हय?"

मी काम सोडलं. त्याला हेच पाहिजे होतं. दहा महिने मी घरात बसले, आणि दहा महिने रोज भाकरी थापताना त्याला शिव्या घातल्या.

मग बुद्धप्रियाचा फोन आला. "मावशी, शेडचा माल तीनदा परत आला. सँपलसारखं एक पण फूल होईना. तुम्ही म्हणला होता ना, तुमचं हाय म्हणून? पुढच्या सोमवारी येते मी. तुमच्या घरी, माझ्यासमोर बांधून दाखवा. अण्णांना पण घेऊन येते. काय बोलायचं ते तोंडावर बोला."

"घेऊन ये त्याला," मी म्हणाले. "नक्की घेऊन ये."

म्हणून ते टेबल, आणि म्हणून खिडकी. जुना शिकंजा माझाच होता. मी तो डावीकडे तोंड करून लावला, मला पाहिजे तसा, कुणाच्या बापाला न विचारता. साबणाच्या वडीत गळ टोचून ठेवले. पिसं बिस्किटाच्या डब्यांत, रंगाप्रमाणे. गाठीवर लावायला नेलपॉलिश, दोऱ्याला मेण, मागे पांढरा कागद म्हणजे नजर ठरते. सगळं हाताच्या अंतरावर, न उठता मिळेल असं. राहिला पंखा. पंखा लावला की पिसं उडतात, म्हणून तो बंद. मे महिना, वर पत्रा. संगमेश घामानं निथळत घरात यायचे, पंख्याकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे आणि बनियन काढून बाहेर ओट्यावर जाऊन बसायचे. "मी मधी पडत न्हाई," एवढंच त्यांचं म्हणणं. आत स्वयंपाकघरात आत्याबाई माठाला टेकून हाताच्या पंख्यानं वारा घेत. तो पंखा कुरकुरायचा. मी ऐकायची नाही.

सोमवारी दहा वाजता दोघं आली. राजशेखरनं पांढरा शर्ट घातला होता. खोलीभर नजर फिरवून म्हणाला, "वा वहिनी, कारखानाच काढलात की."

"बसा अण्णा. चहा टाकते. मागच्या येळेस बी बसूनच पिला होता तुमी."

चहा त्याच्यापुढे ठेवला आणि बांधायला बसले. गळ धरला, दोरा लावला, लव पिळली, पीस फिरवलं, गाठ मारली. पाच मिनिटांत एक, अशी तीन बांधली. बुद्धप्रियानं पाण्याचा ग्लास मागितला. शेडच्या मालातलं एक फूल तिनं पाण्यात टाकलं. ते वरच तरंगत राहिलं. दाबलं तरी वर आलं. माझं टाकलं. ते क्षणभर थांबलं, भिजलं आणि सावकाश तळाला जाऊन बसलं.

"सँपल असंच जातं," ती म्हणाली. "अण्णा, तुमचं का बुडंना?"

"बारदानाच हाय आमचा बी," राजशेखर म्हणाला. कपाळावर घाम आला होता. "कोरा करकरीत आणला की."

तिथेच तर मेलं होतं त्याचं. नव्या बारदान्याला तेल असतं, त्याची लव पाणी पीत नाही. अडतीवरचं लहान पोरही वासावरून सांगेल. मला माहीत होतं, मी बोलले नाही. मरू दे तिकडं.

"नक्कल केलीय हिनं माझी," तो आता आवाज चढवून म्हणाला. "नऊ वर्सं माझ्या शेडात बसून शिकली आन्—"

"पहिलं सँपल हाय का गं तुझ्याकडं?" मी बुद्धप्रियाला विचारलं.

तिनं पिशवीतून पाकीट काढलं. त्यातलं फूल वर्षाहून जुनं होतं. मी त्याला हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, "तूच गाठ काप. दोरा कुठल्या बाजूनं सुटतोय बघ. मग शेडातलं एक काप."

तिनं ब्लेडनं गाठ कापली. दोरा सुटत गेला, उलटा, माझ्या हाताचा. मग शेडातलं कापलं. ते सुलटं सुटलं. तिनं दोन्ही दोरे पांढऱ्या कागदावर ठेवले आणि मान वर केली.

"अण्णा, तुम्ही डावखुरे कधीपासून झालात?"

अहाहा! दहा महिने ज्याची वाट बघितली ते तोंड मला बघायला मिळालं. शेवटी तो स्वयंपाकघराच्या दाराकडे वळला. आत्याबाई तिथे उंबऱ्यावर उभ्या होत्या, केव्हापासून कोण जाणे.

"काकू, तुमी तरी बगा. देवाची जागा बाटवली हिनं. लिंगपूजेच्या खिडकीत कोंबड्याची पिसं!"

आत्याबाई उंबरा ओलांडून पुढे आल्या.

"दिवाळीला फोटोला ते फूल लावलेलं तू बगितलास," त्या म्हणाल्या. "तुला ठावं हुतं ते काय हाय. वर हात जोडलास. तवा का बोलला न्हाईस?"

"काकू, तवा..."

"तिनं माझी खिडकी घेतली ते मी आन् ती बघून घिऊ. तू ऊठ."

तो उठला. चहा तसाच राहिला, साय धरून. तो दारात चपला शोधत होता तेव्हा बुद्धप्रियानं वही काढली आणि विचारलं, "मावशी, कार्डावर नाव काय छापायचं?"

"शिवकांता," मी म्हणाले. पार गल्लीपर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले. त्याचा एक पाय चपलेत होता आणि एक बाहेर.

याला आता चार महिने झाले. काम घरीच चालतं. शेडातल्या पाच बायका त्याला सोडून माझ्याकडून माल नेतात, आपापल्या घरी बांधतात. राजशेखर रस्त्यात दिसला की बाजू बदलतो. मला अजून गोड वाटतं ते, उगाच कशाला नाही म्हणू?

आठ दिवस म्हटले होते. टेबल खिडकीतच आहे.

परवा सकाळी मी आत पाणी प्यायला गेले. आत्याबाई माठाशेजारी पाटावर बसल्या होत्या. डाव्या तळहातावर लिंग, उजव्या हातात बेलपान. त्यांनी पान वाहिलं, ते तळहाताच्या बाहेर पडलं. त्यांना दिसलं नाही. दुसरं वाहिलं, तेही खाली. त्या डोळे बारीक करून पुटपुटत होत्या आणि पानं फरशीवर पडत होती. त्या मला दाखवायला तसं करत नव्हत्या, कुणी बघतंय हेही त्यांना माहीत नव्हतं.

पूजा होईपर्यंत मी तशीच उभी राहिले. मग म्हटलं, "आत्याबाई, उद्यापासून खिडकीत बसा. मी टेबल सरकवते."

"नगं," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते. "आता हितंच बसतीया मी. तुझं चालू दे."

तेव्हापासून रोज त्यांची पूजेची वेळ झाली की मी पिसांचे डबे झाकते, शिकंज्यावर रुमाल टाकते आणि पंखा लावते. त्यांची पूजा होईपर्यंत हात मांडीवर ठेवून बसून राहते. पंखा पुढच्या खोलीत आहे. त्याचं वारं माठापर्यंत जात नाही.