बिनतळाची टाकी

"आमच्या संडासाची टाकी मी स्वतः समोर उभा राहून बांधून घेतलीय," तळं बचाव समितीचे अध्यक्ष छाती पुढे काढून म्हणाले. "घर बांधल्यापासून आजतागायत ती एकदाही उपसावी लागलेली नाही. याला म्हणतात बांधकाम!"

टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात अध्यक्षांनी स्वतःच वाजवल्या. पाणी तपासायला आलेल्या बाईंनी तेवढा चष्मा वर सरकवला.

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही!"

"मग सगळं जातं कुठे?"

"जिरतं की!"

"कशात?"

अध्यक्षांच्या मागच्या खिडकीतून तळं दिसत होतं. सगळी सभा तिकडे बघायला लागली.

तळ्याचं पाणी गेले दोन उन्हाळे शेवाळाने हिरवटलेलं होतं आणि वासाने दारं लावून घ्यावी लागत होती. अध्यक्षांनी गुन्हेगार कधीच शोधला होता. शेजारी राहणाऱ्या मेहुण्याची, म्हणजे बायकोच्या धाकट्या भावाची बदकं. ठराव झाला, बदकबंदी लागली, मेहुण्याने बोलणं टाकलं. तेव्हापासून बदकं अंगणातल्या जुन्या टबात बसून रोज सकाळी अध्यक्षांच्या खिडकीखाली त्यांच्या नावाने शंख करत. तळ्याचा वास मात्र तसूभर हलला नाही.

म्हणून बाईंनी उपाय आणला होता. काठावरच्या प्रत्येक घराने संडासात रंग टाकायचा. ज्याचा रंग तळ्यात उतरेल, त्याची टाकी गळकी. शेजाऱ्यांचा घोळ नको म्हणून अध्यक्षांना हिरवा, मेहुण्याला लाल. आणि गळक्या टाकीवाल्याचं काय करायचं, हे अध्यक्षांनी महिनाभर आधीच मंजूर करून घेतलं होतं: नवी टाकी होईपर्यंत संडास सील, आणि माणूस समितीतून बाद. हा नियम करताना त्यांच्या डोळ्यांसमोर एकटा मेहुणाच होता.

घरी बायको शेंगा सोलत बसली होती. सभेत काय झालं ते तिने ऐकून घेतलं.

"अहो, पण त्या टाकीला तळ घातला होता का?"

"म्हणजे काय? मी उभा होतो तिथे!"

"तुम्ही उभे राहून गवंड्याला अक्कल शिकवत होतात. चार भिंती झाल्यावर तो 'आता तुम्हीच बांधा' म्हणून थापी टाकून गेला, तो परत फिरकला नाही. आपण वरून झाकण ठेवलं."

अध्यक्षांनी खिडकीतून तळ्याकडे बघितलं.

"टाकीला तळ नाही, म्हणून तळंच तिचा तळ झालंय," बायको म्हणाली आणि पुढची शेंग उचलली.

अध्यक्षपद आणि संडास, दोन्ही एका दिवसात जायची वेळ आली होती. त्यांनी बाईंनी दिलेली रंगाची पुडी उघडली, आणि त्यांचा चेहरा खुलला. आत भुकटी होती लालभडक!

"बाईंनी पुड्यांची अदलाबदल केली! आपला रंग लाल! म्हणजे तळं लाल झालं की अडकणार तुझा भाऊ!"

"मग जाऊन सांगा ना त्यांना."

अध्यक्ष तसे प्रामाणिक होते, पण आत्ता त्यांना वेळ नव्हता.

"चमचाभर टाका म्हणाल्यात हं त्या," बायको मागून ओरडली.

"चमचाभराने काय होतंय! होऊ दे तळं लालेलाल!" म्हणत त्यांनी अख्खी पुडी भांड्यात उपडी केली.

पाणी हिरवं झालं. साधंसुधं नाही, पोपटाने लाजावं इतकं हिरवं. अध्यक्षांनी रंग परत काढायला हात घातला. हात कोपरापर्यंत हिरवा झाला. मग कपाळावरचा घाम पुसला.

"फसवलं! भुकटी लाल आणि पाणी हिरवं!"

"पुडीवर 'हिरवा' लिहिलंय, ते काय शोभेला?"

"साखळी ओढू नकोस! कोणीही ओढायची नाही! ओढली नाही तर काही बिघडलेलं नाही!"

"आणि किती दिवस नाही ओढायची?"

अध्यक्ष मगाने बादलीत पाणी उपसायला लागले. बादली भरत आल्यावर प्रश्न पडला, ओतायची कुठे? मोरीचं पाणी त्याच टाकीत जायचं आणि परसाचा उतार थेट तळ्याकडे. ते बादली धरून तसेच उभे राहिले, तेवढ्यात बाई दारात हजर.

"टाकलात ना रंग? काही जण टाकतात आणि ओढायचं विसरतात," असं म्हणत त्या आत शिरल्या आणि त्यांनी साखळी ओढली. जाताना अध्यक्षांच्या कपाळाकडे बघून म्हणाल्या, "भुकटी लालच असते हो. पाण्यात गेली की खरा रंग दाखवते."

सकाळी अध्यक्षांच्या घराखालचं तळं पोपटी होतं. लाल रंगाचा ठिपका कुठेही नव्हता. बाईंनी संडासाच्या दारावर पट्टी चिकटवली आणि खाली अध्यक्षांचीच सही घेतली, कारण नियम त्यांचा होता.

दुपारपर्यंत अध्यक्षांनी ताठा राखला. मग पोटाने तो सोडला. ते वाकत वाकत मेहुण्याच्या दाराशी गेले.

"कोण आहे?" मेहुण्याने खिडकीतून त्यांच्याकडे बघतच विचारलं.

"मी!"

"मी म्हणजे? समितीचे अध्यक्ष, की आमचे भावोजी?"

"भावोजी! भावोजी! दार उघड रे बाबा!"

"भावोजींना घर आपलंच आहे. पण बदकांचं काय?"

"सोड! सगळी सोड!"

"बंदी उठली असं जरा मोठ्याने म्हणा. टब लांब आहे, त्यांना ऐकू जायला हवं."

"बंदी उठली!" अध्यक्ष असे ओरडले की पलीकडच्या काठावरच्या बायकांनी धुणं थांबवून वर बघितलं.

मेहुण्याने बाजूला होऊन वाट दिली. अध्यक्ष धावत संडासात घुसले आणि त्यांनी कडी अशी काही ओढली की ती लागली, आणि तिची मूठ त्यांच्या हातात आली.

संध्याकाळच्या सभेत मेहुणा बिनविरोध अध्यक्ष झाला. अनुमोदन त्याच्या ताईने दिलं. बहिणीच्या घरच्या नव्या टाकीला आधी तळ घालायचा आणि मग भिंती, हा त्याचा पहिला ठराव. कडी तोडायला सुतार दुसऱ्या दिवशी आला.