खडूने वाचलेला आकडा

दुरुस्तीवालीने बास क्लॅरिनेटच्या खालच्या तुकड्यावर खडू घासला आणि अंगठ्याने पुसला. काळ्या लाकडातली झिजलेली खूण पांढरी उठून आली. एक पक्षी आणि त्याखाली दोन अक्षरं.

"नाव नाही?" समोरच्या म्हाताऱ्याने विचारलं.

"हीच खूण, काका. छोटा कारखाना होता, कधीच बंद पडला."

"ज्याला विकलं, त्याचं नाव?"

"मुलीला स्थळ आल्यासारखी चौकशी करताय तुम्ही."

तो हसला नाही. बायको जाऊन दोन महिने झाले होते. तिचे कपडे वाटून झाले, चष्मा देऊन झाला. कपाटावरची या क्लॅरिनेटची लांब पेटी तेवढी उरली होती. इतक्या वर्षांत त्याने त्या पेटीला हात लावला नव्हता. बायकोच स्टुलावर चढून ती काढायची, दुपारी वाजवायची आणि तो यायच्या आत परत ठेवायची. कधी तो लवकर आला की जिन्यातच तो खोल, जाडसर आवाज कानावर यायचा. मग तो दाराशी मुद्दाम खोकायचा. आवाज थांबायचा.

लग्नाआधीचं आहे, माहेरी पडून होतं, एवढंच ती म्हणाली होती. लग्नाआधी ती वाद्यवृंदात होती. तिथले मास्तर उंच, देखणे. लग्नाच्या फोटोत तिच्या शेजारी तेच उभे. बाकीचं त्याने स्वतःच जुळवलं. एकदाच, भांडणाच्या भरात, हे कुणी दिलं म्हणून विचारलं होतं.

"ज्याला माझ्या वाजवण्याची कदर होती, त्याने," ती म्हणाली आणि भाजी चिरत राहिली.

मास्तरही आता हयात नव्हते. तरी त्याला खात्री करून घ्यायची होती.

दुरुस्तीवालीने भोकावरची एक चावी सोडवली, तिच्याखाली खडू फिरवला. आकडा दिसला. वरच्या तुकड्यावरही तोच होता, म्हणजे कुणी काही बदललेलं नव्हतं. तिच्या वडिलांनी कारखान्यांच्या आकड्यांच्या याद्या जपून ठेवल्या होत्या. तिने त्यातली एक काढली, बोट खाली खाली नेलं आणि साल सांगितलं.

"चुकतंय काहीतरी," तो म्हणाला. "तेव्हा आमच्या लग्नाला चार वर्षं झाली होती."

तिने पुन्हा पाहिलं. मग यादीच त्याच्यापुढे फिरवली.

"त्याआधी हे झाड होतं, काका."

तो त्या ओळीवर बोट ठेवून बसला. त्याच साली घरातलं शिवणयंत्र गेलं होतं. डोळे दुखतात म्हणून विकलं, असं ती म्हणाली होती. आता माझे सदरे शिंप्याकडे टाकायचे का, म्हणून तो आठवडाभर धुसफुसला होता. पुढे महिन्याभरात ती माहेरून आली, तेव्हा तिच्या हातात ही पेटी होती.

"मग? सापडलं का तुम्हाला हवं होतं ते माणूस?"

त्याने चष्मा काढून पुसला.

"वाजतं का अजून?"

तिने तुकडे जोडले, तोंडाकडची वेताची पट्टी ओली केली, खुर्चीच्या कडेला बसली आणि सगळ्यांत खालचा सूर लावला. जिन्यात यायचा तोच आवाज. त्याच्या घशात खोकला आला. त्याने रुमाल तोंडावर घट्ट धरला आणि सूर संपेपर्यंत तो दाबून ठेवला.