कपाटातला हिरवा दिवा

डोळ्यांच्या त्या इस्पितळात तिला सगळे कॉम्प्युटरताई म्हणत. पेशंटच्या डोळ्यांच्या पडद्याचे फोटो, तपासण्या, चष्म्याचे नंबर, सगळं तळमजल्यावरच्या सर्व्हरमध्ये साठायचं आणि ते सांभाळायची जबाबदारी तिच्या एकटीच्या डोक्यावर. रोज संध्याकाळी सातला त्या सगळ्याची एक प्रत आपोआप बॅकअपच्या डिस्कवर उतरे. निदान उतरायला हवी होती.

गेले सात आठवडे ती कधी उतरत होती, कधी नाही. आठ वाजता घरी जेवायला बसावं, पहिला घास उचलावा आणि मोबाइल किणकिणावा: बॅकअप अयशस्वी, डिस्क सापडत नाही. सकाळी जाऊन सर्व्हरचं लोखंडी कपाट उघडावं, तर डिस्कचा हिरवा दिवा शांतपणे लुकलुकतोय. जसं काही झालंच नाही.

"तुझी डिस्क म्हणजे रुसलेला जावई आहे," आई म्हणायची. "कशावर रुसला ते सांगणार नाही, विचारलं तर हसून दाखवणार."

"आई, हसू नकोस गं. माझं डोकं फुटायची वेळ आलीय."

डिस्कच्या कंपनीचा तंत्रज्ञ दोनदा येऊन गेला. दोन्ही वेळा त्यानं डिस्क बदलली, हात झटकले आणि "आता बघायला नको" म्हणाला. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! तिनं वीज तपासली, प्रोग्राम पुन्हा घातला, वार मांडून पाहिले. कधी सोमवार, कधी गुरुवार, कधी लागोपाठ दोन दिवस. तीन संध्याकाळी ती स्वतः कपाटासमोर स्टूल टाकून बसली. तिन्ही दिवस बॅकअप बिनबोभाट पार पडला. डॉक्टरसमोर गेलं की दुखणं पळतं म्हणतात, तसलाच प्रकार.

आणि मग व्हायचं तेच झालं. एका मंगळवारी बॅकअप हुकला आणि बुधवारी सकाळी मुख्य सर्व्हरनंच मान टाकली. सोमवारपर्यंतचं सगळं परत मिळालं. मंगळवारचे एकोणीस पेशंट मात्र गेले, फोटो आणि नोंदींसकट.

मोठे डॉक्टर ओरडले नाहीत. चष्मा काढून एवढंच म्हणाले, "सात आठवडे तुम्ही मला सांगताय, बघतेय, बघतेय. काय बघत होता?"

जिन्यात येऊन तिनं कठड्यावर मूठ आपटली. हात दुखला, बाकी काही झालं नाही.

त्याच दिवशी तिला सुचलं, की आपण समोर असलो की हे यंत्र नाटक करतं. मग आपण नसताना त्याच्यावर नजर ठेवायची. साडेसहाला निघताना तिनं आपला मोबाइल कपाटाच्या आत, डिस्ककडे तोंड करून ठेवला आणि चित्रण चालू करून कपाट लोटून घेतलं. सकाळी पाहिलं तर सहा मिनिटांतच चित्रण बंद. आईचे पाच फोन येऊन गेले होते.

"अगं, उचलत नव्हतीस म्हणून पुन्हा पुन्हा केला!" आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं भावाचा सिमकार्ड नसलेला जुना फोन नेला. त्या संध्याकाळी बॅकअप नीट झाला. तीन तास हिरव्या दिव्याचं चित्रण! तिनं ते सगळं पाहिलं आणि फोन भिंतीवर भिरकावायचा मोह कसाबसा आवरला.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी पुन्हा निरोप आला: डिस्क सापडत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्या निरोपानं तिला बरं वाटलं.

सकाळी तिनं चित्रण लावलं. सहा पस्तीसला दार घट्ट मिटल्याचा आवाज. मग दाराची मूठ फिरल्याचा, मग किल्लीचा. मूठ फिरली त्याच क्षणी, दिव्याच्या हिरव्या उजेडात, डिस्कच्या मागची काळी केबल दाराच्या कडीखाली दबून कोपरासारखी वाकली आणि हिरवा दिवा विझला.

ती धावत फाटकाशी गेली. तिथे दोन पहारेकरी आळीपाळीनं असत, आपसांत पाळ्याही बदलत. त्यांतले मामा निवृत्तीला आलेले, शिस्तीचे पक्के. दुसरा नुसतंच दार लोटून जायचा.

"मामा, कपाटाला कुलूप तुम्ही लावता?"

"माझ्या पाळीला लावतोच, सकाळी तुम्ही यायच्या आत उघडतो. नियमच आहे तसा. का, काही चोरीला गेलं?"

"नाही. जरा चला माझ्याबरोबर."

मामांनी मूठ फिरवली. तिच्या लॅपटॉपवर डिस्क गायब. मूठ सोडली, डिस्क हजर. तीनदा करून पाहिलं. मामांचा चेहरा उतरला.

"म्हणजे हे माझ्या हातून झालं?"

"तुम्ही तुमचं काम चोख केलंत मामा. ही केबल इथं मी बांधलीय."

खरंच तिनंच बांधली होती. दोन महिन्यांपूर्वी साफसफाई करताना डिस्कचा डबा एक फळी वर घेतला, केबल आखूड पडली, म्हणून ताणून दाराच्या कडेला पट्टीनं आवळली. काखेत कळसा आणि गावाला वळसा! कंपनीला केलेले फोन, तंत्रज्ञाला सुनावलेले बोल, सगळं आठवून तिचे कान तापले.

लांब केबल आणून मागच्या बाजूनं घालायला वीस मिनिटं लागली. सात आठवड्यांच्या त्रासाला वीस मिनिटं.

मोठ्या डॉक्टरांना तिनं आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं.

"पेशंटना पुन्हा बोलवावं लागेल. फोन कोण करणार?"

"मी करते."

"स्वागतकक्षातून करून घ्या की."

"नको सर. मीच करते."

स्वागतकक्षातल्या कागदी नोंदवहीतून नंबर काढून ती फोन लावत बसली. कुणी बरं म्हणालं, कुणी कुरकुरलं. एक आजोबा मात्र भडकलेच.

"डोळ्यात ते थेंब घातले की दिवसभर आंधळ्यासारखं चाचपडत बसावं लागतं. कल्पना आहे तुम्हाला? आणि तुमच्या यंत्राची चूक मी का भोगायची?"

"यंत्राची नाही आजोबा, चूक माझी होती."

पलीकडून खाकरल्याचा आवाज आला.

"असं कुणी कबूल करत नाही हो. बरं, सकाळचं बोलवा. लेकाला रजा मिळते का बघतो."

अठरा जण यायला तयार झाले. एकोणिसाव्या बाईंचा फोन नुसता वाजत राहिला. त्यांच्या नावापुढे तांबड्या शाईत 'लवकर तपासणे' असा शेरा होता. तिनं दुपारी लावला, संध्याकाळी लावला. शेवटी नोंदवहीतला पत्ता एका चिठ्ठीवर उतरवला, पर्स उचलली आणि आईला कळवलं, की आज जेवायला उशीर होईल.