त्रिशलाच्या ऑफिसातला कॅल्क्युलेटर

मित्रांनो, माझ्या बेरजेच्या बटणावरची खूण बोटांनी घासून कधीच पुसली गेली. बारा आकडी, जुना कॅल्क्युलेटर मी. सध्या सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या एका पेढीवर, दिवाणजींच्या मेजावर पडून असतो. पाच वर्षं मी परदेशात होतो. तिथं मी काय केलं, ते सांगायला मला आनंद वाटत नाही. पण सांगितलं पाहिजे.

मी कुठल्या कारखान्यात तयार झालो ते मला ठाऊक नाही. सरकत्या पट्ट्यावर एका बाईनं माझी सगळी बटणं एकेकदा दाबून पाहिली आणि मला खोक्यात घातलं, एवढंच आठवतं. पुढे गणपती पेठेतल्या एका दुकानात मी बरेच दिवस काचेमागे बसलो. तिथून मला याच पेढीचा हिशेब लिहिणाऱ्या जयपाल दिवाणजींनी घेतलं. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा स्वतः पन्नास ओळींची बेरीज बोट खाली सरकवत तोंडी करायचे. त्यांना माझी गरज नव्हती. त्यांनी मला घेतलं ते आपल्या मुलीसाठी, त्रिशलासाठी. ती सीएच्या परीक्षेला बसणार होती.

त्रिशलानं माझ्यावर फार मेहनत घेतली. शेवटच्या परीक्षेत ती दोनदा नापास झाली. दुसऱ्या वेळी निकाल पाहून तिनं मला उशीखाली ढकललं आणि दोन दिवस बाहेर काढलं नाही. तिसऱ्या वेळी पास झाली. पेढीच्या मालकांनी यार्डाच्या फाटकावर तिच्या फोटोचा फ्लेक्स लावला. अण्णा त्या दिवशी फाटकातून चार वेळा उगाचच आत-बाहेर करून आले.

मग सांगलीतल्याच एका सीएच्या कचेरीत ती कामाला लागली. चार वर्षं तिनं मान मोडून काम केलं. पाचव्या वर्षी साहेबांचा मुलगा शिकून आला आणि तिनं सांभाळलेली सगळी मोठी कामं त्याच्या टेबलावर गेली. त्यानंतर त्रिशलानं कॅनडाचा विचार सुरू केला. तिकडं जायला गुण लागतात, वयाचे, इंग्रजीचे, शिक्षणाचे. सीए असल्याचे तिला भरपूर गुण मिळाले. व्हिसा आला तेव्हा अण्णा म्हणाले, "बघ, तिकडच्या सरकारलाबी तुझी किंमत कळली."

सरकारला कळली असेल, मित्रांनो. कचेऱ्यांना कळली नाही.

मोठ्या शहराच्या कडेला एका तळघरातल्या खोलीत आम्ही राहू लागलो. त्रिशला रोज अर्ज पाठवायची. बहुतेक अर्जांना उत्तरच येत नसे. ज्यांनी भेटायला बोलावलं त्यांनी गोड बोलून एकच विचारलं, इथला अनुभव किती? एक जण तर म्हणाला, "तुमची पदवी उत्तम आहे, पण ती तिकडची आहे." इथल्या संस्थेच्या परीक्षा नव्यानं द्या, मग पाहू. त्या परीक्षांना फी होती, आणि खोलीला भाडं होतं. चौथ्या महिन्यात त्रिशला एका गोदामात कामाला लागली. गोठवलेले पराठे खोक्यांत भरायचे. दहा तास उभं राहून.

घरून फोन आला की अण्णा पहिल्यांदा विचारत, "लागली का गं नोकरी?" त्या दिवशी ती म्हणाली, "लागली." पुढचा प्रश्न आला, "हापिसात?" आणि ती हो म्हणाली.

तिथून माझं नवं काम सुरू झालं. दर रविवारी व्हिडिओ कॉलच्या आधी ती भिंतीला टेकवलेलं छोटं टेबल ओढायची, चादरीनं पलंगाचा कोपरा झाकायची, आणि एक फाईल, दोन पेनं आणि मला टेबलावर नीट मांडायची. कॅमेऱ्यात मी अर्धा दिसलो पाहिजे, याची ती काळजी घ्यायची. मी आयुष्यात एकही चुकीचं उत्तर दिलं नव्हतं. आता मी नुसता बसूनच खोटं बोलू लागलो.

एका रविवारी आईनं स्क्रीनजवळ तोंड आणून विचारलं, "तुझ्या बोटांना पट्ट्या कशाच्या गं?"

"कागदानं कापलं, आई."

"दहाबी बोटं?"

त्रिशला हसली आणि म्हणाली की आवाज तुटतोय. मी तिच्याकडे पाहत होतो. थंडीनं तिच्या बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या. गोदामातून आल्यावर ती पुस्तक उघडायची, परीक्षेचा अभ्यास करायची, आणि माझी बटणं दाबताना तिला दुखायचं. दोन पेपर सुटले. बाकीचे राहिले.

तिसऱ्या वर्षी पूजाची गोष्ट घडली. पूजा साताऱ्याजवळच्या एका गावची. वडील वीरधवल सुभेदार, पलटणीतून निवृत्त झालेले. सांगलीच्या त्याच कचेरीत ती त्रिशलाच्या हाताखाली काम शिकली होती, आणि ऑडिटसाठी पेढीवर यायची, म्हणून अण्णा तिला ओळखत. ती सीए झाली आणि सल्ला विचारायला थेट अण्णांकडं गेली. अण्णांनी तिला समोर बसवून मुलीला फोन लावला. त्यांचा चेहरा स्क्रीनमध्ये मावत नव्हता, इतके ते खूश होते.

"ही पूजा आलीया बघ. हिलाबी तिकडं यायचंय. म्हटलं, तूच सांग तिला."

पूजा पुढे सरकली. "ताई, खरं सांगा हं. तिकडं आपल्या डिग्रीवर काम मिळतं का? वडील निवृत्तीचे पैसे काढायला तयार आहेत. पण तुम्ही म्हणाल तरच."

त्रिशलाचा हात माझ्यावर होता.  पूजाच्या खांद्यामागे अण्णा मान डोलवत उभे होते, आणि त्यांच्याही मागे पेढीवरचे दोघे-तिघे ऐकत होते.

"सुरुवातीला जड जातं," त्रिशला म्हणाली.

"मग?"

"मग होतं."

"ऐकलंस?" अण्णा म्हणाले. "मी काय सांगत होतो!"

फोन ठेवल्यावर त्रिशलानं मला फाईलखाली सारलं, जणू मीच ते बोललो होतो. तिनं पूजाला पुन्हा फोन करायचं ठरवलं होतं. दोन-तीनदा नंबर काढलाही. मग उद्या करू म्हणाली, आणि त्या उद्याचे सहा महिने झाले.

पूजा आली तेव्हा तिला विमानतळावरून त्रिशलाच घेऊन आली. तळघराच्या पायऱ्या उतरल्यावर पूजा दारातच थांबली. तिनं पलंग पाहिला, भिंतीला टेकलेलं टेबल पाहिलं, त्यावर मला पाहिलं. मला ती ओळखत होती.

"ताई, हेच का ते ऑफिस?"

त्रिशला खाली बसली आणि सगळं सांगितलं. पूजा रडली नाही, भांडली नाही. ती म्हणाली, "एवढंच त्या दिवशी सांगायचं व्हतं, ताई. मी घरीच राहिले असते." तिची शुद्ध भाषा त्या एका वाक्यात गळून पडली.

वर्षभर पूजानंही अर्ज केले. तिलाही तीच उत्तरं आली. पण पोचल्यावर दोन महिन्यांतच ती त्याच गोदामात, त्रिशलाच्या शेजारी उभी राहून पराठे भरू लागली. त्या दोघी एका खोलीत राहत, पण बोलत फक्त कामापुरतं. मग पुढच्या हिवाळ्यात गोदामातल्या शीतगृहाच्या निसरड्या फरशीवर पूजाचा पाय सरकला आणि उजवं मनगट मोडलं. ते हाड नीट बसलं नाही. ज्या ठेकेदारामार्फत ती कामावर होती त्यानं तिला बोलावणं बंद केलं. पूजानं परतीचं तिकीट काढलं.

निघायच्या दिवशी त्रिशलानं मला तिच्या बॅगेत ठेवलं. "अण्णांना दे. आणि त्यांनी विचारलं तर..."

"तर काय सांगू? तुमी शिकवाल तसं?"

"नको. खरं सांग."

"तुमचं तुमी का न्हाई सांगत?"

त्रिशलानं बॅगेची चेन लावली. अशा रीतीनं मी परत आलो, मित्रांनो.

पूजा पेढीवर आली तेव्हा हळदीचे सौदे नुकतेच आटोपले होते. अण्णांनी चहा मागवला, तिला खुर्ची दिली, आणि मला हातात घेऊन सगळ्यांना दाखवू लागले. "आमच्या त्रिशलाच्या हापिसातला हाय हा! आता तिला नवीन मशीन दिलं आसंल." मग पूजाकडे वळले. "तू का गं लवकर परतलीस? जमलं न्हाई का तुला?"

पूजानं अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे पाहत होतो. अण्णांच्या त्या चेहऱ्यासमोर खरं सांगायला त्रिशलाची जीभ का वळली नसेल, ते तिला त्या क्षणी कळलं असावं. तिनं डाव्या हातानं ओढणी सारून आपलं वाकडं मनगट मेजावर ठेवलं.

"अण्णा, तिकडं हापिस न्हाई. कधीच नव्हतं. आमी दोघी पराठ्यांची खोकी भरत होतो. ताई आजबी भरतीया."

"खोटं," अण्णा म्हणाले. "मी दर रविवारी बघतोय की तिला."

पूजानं मनगट तसंच मेजावर राहू दिलं. अण्णांची नजर तिच्या मनगटावर गेली. मग हातातल्या माझ्यावर. त्यांनी मला अगदी हळू खाली ठेवलं. 

पूजा गेल्यावर त्यांनी तिथूनच मुलीला फोन लावला.

"पूजा आली व्हती."

पलीकडून त्रिशला एवढंच म्हणाली, "हं."

"बोटं कशी हायेत?"

एवढं ऐकून त्रिशलाला रडू फुटलं.  अण्णा म्हणाले, "परत ये."

"येऊन लोकांना काय सांगू, अण्णा? फाटकावर फ्लेक्स लावला होता माझा."

आजवर लोकांना सांगत आलेले तर अण्णाच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं ते साताऱ्याला गेले. पूजाच्या वडिलांच्या, सुभेदारांच्या अंगणात काय झालं ते मला ठाऊक नाही. त्यांनी मला नेलं नव्हतं. परतल्यावर पेढीवर आईचा फोन आला, तेव्हा ते इतकंच म्हणाले, "त्यानं मला चहा दिला. बोलला न्हाई."

त्रिशला अजून तिकडंच आहे. तिचे तीन पेपर राहिलेत. आता रविवारी ती पलंगावर बसूनच बोलते, असं अण्णा सांगतात. पूजाला साताऱ्यात एका पतसंस्थेत काम मिळालंय. डाव्या हातानं लिहायला शिकतेय.

मागच्या आठवड्यात यार्डातला एक अडत्या आपल्या मुलाला, शिवतेजला, तिकडं धाडायचं म्हणून अण्णांकडं आला. "तुमची मुलगी हाय की तिकडं मोठ्या हापिसात," म्हणाला. अण्णांनी चष्मा काढला. पेढीवर माणसं होती. ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गोदामात हाय ती. पराठे भरती. बसा, सगळं सांगतो." सांगताना त्यांनी काही गाळलं नाही.

मित्रांनो, माझी धूळ पुसली नाहीत तरी चालेल. बटणं निघाली, तर मी रद्दीत जाईन. पण तुमच्या घरातलं कोणी लांब गेलं असेल, तर त्याला फोनवर "बरं चाललंय ना?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला एकच उत्तर देता येतं. त्याऐवजी आज दिवसभर काय काम केलंस, ते विचारा. आणि तो गप्प राहिला, तर फोन ठेवू नका.