चिनहटच्या खोलीतला तांब्या

"आत्मारामकाकांना लखनौ दाखवायच्या नावाखाली आणलंय हो. आता शहराबाहेर चिनहटला नेऊन…"

शेजारच्या पद्माबाईंनी जिन्यात एवढंच सांगितलं आणि त्यांच्या कुकरने शिट्टी दिली. त्या आत पळाल्या. आमच्या मायाबाई मला हातात धरून तिथेच खिळल्या.

मी मायाबाईंचा फिरकीचा तांब्या बोलतोय. पितळेचा. त्यांच्या रुखवतात मिरवलो, यजमानांच्या बँकेतल्या बदलीबरोबर लखनौच्या निशातगंजला आलो आणि प्लास्टिकच्या बाटल्या आल्या तसा माळ्यावर गेलो. आत्मारामकाका बाटलीतलं पाणी पीत नाहीत, म्हणून त्यांच्या सुनेने, शेजारच्या स्नेहलने, मला मागितलं होतं. चिंचेने घासून मायाबाई मला द्यायलाच निघाल्या होत्या.

दिलं खरं, पण ते तिघं इमामबाडा बघायला निघालेत म्हटल्यावर माझ्याबरोबर स्वतःही निघाल्या. "मी पण येते गं. इमामबाडा अजून धड पाहिलाच नाही." खोटं! प्रत्येक पाहुण्याला घेऊन त्याच तर जायच्या.

काकांनी पेणला आयुष्यभर शाडूचे गणपती केले. काकू गेल्या, म्हणून मुलगा चंद्रशेखर त्यांना महिनाभरासाठी घेऊन आला होता. 'चिनहटला वृद्धाश्रम असणार,' मायाबाईंनी मनात पक्कं केलं. टांग्यात नवरा-बायको गप्प का? स्नेहल सारखी घड्याळ का बघते? मलाही संशय चढत चालला.

इमामबाड्याच्या वरच्या सज्जात गाइडने चंद्रशेखर-स्नेहलला पार पलीकडच्या टोकाला पाठवलं. "अम्मा, कान लगाइए. वो काग़ज़ फाड़ेंगे, आवाज़ यहाँ आएगी."

कागद फाटल्याचा आवाज आला. खेळ संपला, असं पलीकडे दोघांना वाटलं. पण इकडे मायाबाईंचा कान भिंतीलाच होता, आणि शेजारी काकांचाही.

"परतीचं तिकीट रद्द केलंय, हे बाबांना कधी सांगणार?" ही स्नेहल.

"आधी चिनहटची खोली दाखवू. मग बघू."

मायाबाईंनी मला असं छातीशी ओढलं की माझ्यातलं पाणी डचमळलं. काकांनी शांतपणे भिंतीला तोंड लावलं. "चंदू, मला ऐकू येतंय रे."

"वाह, हुज़ूर!" गाइड खूश झाला.

तिथून ऑटोने थेट चिनहट. मायाबाई आधी चढून बसल्या. वृद्धाश्रम नव्हताच तिथे. कुंभाराचं अंगण होतं, कडेला एक रिकामी खोली, दारात भिजवलेल्या मातीचा ढीग.

"बाबा, दिवसभर इथे मूर्ती करा. संध्याकाळी मी न्यायला येईन. पेणला एकटे काय करणार?"

काकांनी मातीत अंगठा दाबून पाहिला. माझी फिरकी उघडून थोडं पाणी शिंपडलं, पुन्हा मळली. "माती बरी आहे," ते म्हणाले. "पण तिकीट मला विचारून रद्द करायचंस."

चंद्रशेखर चपलेच्या टोकाने जमीन उकरत राहिला.

घरी पोचताच पद्माबाईंनी मायाबाईंना जिन्यातच गाठलं. "काय मग, मी म्हणत होते ना?"

"वृद्धाश्रम नाही हो. पण…" या वेळी कुकर वाजला नाही, तरी मायाबाई पुढे बोलल्या नाहीत.

मी चिनहटच्या खोलीत काकांजवळच राहिलो. गळ्यावर माती सुकलीय, फिरकी अडकते. खिडकीत चार गणपती वाळताहेत, चांगले झालेत. संध्याकाळी मुलगा न चुकता येतो आणि काका न चुकता विचारतात, "तिकिटाचं काय झालं?"

मायाबाई, मला इतक्यात परत मागू नका. काका निघतील तेव्हा गाडीत त्यांना पाणी लागेल.