चौथ्या रांगेतलं हसू

“महाराज, शत्रू दारात आलाय. चहा टाकू?”

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या टेबलावर तो आपली पुस्तकं मांडत होता, आणि दर प्रयोगाआधी यायचा तसा तो आवाज आजही कानात आला. नऊ वर्षांच्या मुलीचा, खणखणीत, एकही अक्षर न गिळणारा. छत्तीस वर्षांपूर्वी शाळेच्या रंगमंचावरून तो आवाज निघाला होता. “शत्रू दारात आलाय, तलवार काढू?” असं दासीनं राजाला विचारायचं होतं. दासी झालेल्या त्याच्या ताईनं चहाचं विचारलं आणि अख्खं सभागृह फुटलं. त्या दिवसातलं दुसरं फारसं काही त्याला आठवत नव्हतं. तो पाच वर्षांचा होता. हसणं तेवढं आठवत होतं. पत्र्यावर कुणी मुठी भरभरून दाणे फेकावेत तसं ते थांबत नव्हतं, थांबतच नव्हतं.

त्या एका वाक्यावर त्याचं सगळं उभं होतं. ‘दरबारातली दासी’ ही चित्रकथा, भाग एक ते पाच. चित्रं त्याची, गोष्टी त्याच्या, फुग्यांमधली अक्षरं त्याच्याच हातची. छापखान्यातून गठ्ठे आणायचे त्यानेच आणि विकायचे त्यानेच. पुस्तकं आपण होऊन कुणी घेत नाही म्हटल्यावर त्यानं त्यांचा एकपात्री प्रयोग बसवला. राजा तो, प्रधान तो, शत्रू तो आणि दासीही तोच. दासी घाबरायची, चुकायची, दरबार लोळायचा, आणि प्रयोग संपला की दाराशी टेबल मांडून तो पुस्तकांवर सह्या करत बसायचा. निदान बसायचा तरी.

“खुर्च्या किती मांडू? चाळीस?” ग्रंथपालबाईंनी विचारलं.

“वीस मांडा.”

“अहो, इतका धीर सोडू नका.”

“धीर नाही, खुर्च्या सोडतोय.”

बाई हसल्या आणि वीसच मांडल्या, पाच-पाचच्या चार रांगा. जाता जाता हळूच म्हणाल्या, “ते येणारेत बरं का. मी दोनदा फोन केलाय.”

ते म्हणजे चौदा वाचनालयांचे वर्षभराचे कार्यक्रम ठरवणारे संयोजक. त्यांनी हो म्हटलं तर दासी चौदा गावं फिरणार होती, टेबलासकट. नाही म्हटलं तर सोमवारी सकाळी नऊ वाजता त्याला औषधांची खोकी छापणाऱ्या कंपनीत हजर व्हायचं होतं. खोक्यावर ‘मुलांच्या हाती लागू देऊ नये’ हे बारीक अक्षरांत कुठं बसवायचं, ते तिथं ठरवायचं काम होतं. बायकोला त्यानं तसा शब्द दिला होता. तिनं मागितलाही नव्हता. त्यामुळे तो मोडणं जास्तच कठीण होतं.

ताई आली ती चष्म्याच्या दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून. काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं तिचं काम; नखांच्या कडेला पांढरी भुकटी तशीच होती.

“जेवलास का, छोट्या?”

“प्रयोगानंतर.”

“म्हणजे नाही. किती जण येणारेत?”

“बत्तीस जण नक्की म्हणालेत. बसथांब्यावर पोस्टर लावलं, लॉन्ड्रीत लावलं. दातांच्या डॉक्टरांनी तर आनंदानं लावून घेतलं, म्हणाले, हसायला दात लागतातच.”

“बत्तीस नक्की म्हणजे आठ,” ताई म्हणाली, आणि जाऊन चौथ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसली.

ती जागा तिची. अकरा वर्षं, गाव कुठलंही असो, सभागृह कसलंही असो. माणसं हसायला तयार असतात, पण पहिलं कुणी हसायचं यावर अडून बसतात, हे त्याला पहिल्याच प्रयोगात कळलं होतं. तेव्हापासून पहिलं हसू ताईचं. मागून हसू आलं की पुढच्यांना वाटतं, मागं बरीच माणसं आहेत. ‘चहा टाकू’ झालं की मनात एक, दोन म्हणायचं, मग हसायचं. तिचं हसू गळ्यातून यायचं नाही, पोटातून यायचं. आधी एक थेंब, मग दुसरा, मग धार. त्या धारेत शेजारचा भिजायचा, मग त्याचा शेजारचा.

नऊ जण आले. त्यातले दोघं खालच्या वाचनकक्षात पंखा बंद होता म्हणून वर आलेले. त्यातल्या एकानं वर्तमानपत्र मिटलंच नाही. संयोजक पहिल्या रांगेत बसले, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर दोन्ही हात.

“दासी मी कल्पनेतून काढलेली नाही,” त्यानं नेहमीसारखी सुरुवात केली. “ती माझी सख्खी बहीण. जगातली सगळ्यात घाबरट दासी. मी डोळ्यांनी पाहिलंय. त्या नाटकात मी खांब होतो. पुठ्ठ्याचा. राजवाडा माझ्यावर उभा होता, म्हणून मला हलता आलं नाही, नाहीतर मीच जाऊन चहा टाकला असता.”

कुणीतरी खाकरलं.

तो राजा झाला, मिशीला पीळ दिला. प्रधान झाला, पाठीतून वाकला. मग गुडघे जुळवले, हातात नसलेलं तबक थरथरवलं, डोळे बशीएवढे केले आणि ते वाक्य टाकलं.

एक. दोन.

ताई हसली. थेंब पडला, दुसरा पडला, धार लागली, आणि कोरड्या जमिनीत पाणी जिरावं तशी जिरून गेली. शेजारी कुणी भिजलं नाही. पुढच्या बाईंनी मान वळवून मागं पाहिलं, कुणाला काही होतंय का अशा नजरेनं. ताई तरी हसत राहिली, नेमून दिलेलं सगळं हसली, आणि मग एकटीच थांबली.

उरलेला पाऊण तास त्यानं ओढला. पुढे त्या दासीच्या आणखी चार चुका होत्या. चारही वेळा मागून हसू आलं आणि चारही वेळा ते खोलीत एकटंच फिरून परत गेलं.

शेवटी संयोजक टेबलाशी आले. भाग तीन उघडला, दोन पानं पाहिली, जपून मिटला.

“कष्ट दिसतात हो तुमचे.”

कष्ट दिसले की पुढे काय येतं, ते त्याला माहीत होतं.

“पण हे चुकणं, घाबरणं, त्याला हसणं... आता लोकांना तेवढं पुरत नाही.” त्यांनी आवाज खाली आणला. “आणि राग मानू नका, मागं हसणाऱ्या त्या बाई घरच्याच ना? लगेच कळतं.”

ते गेले. वर्तमानपत्रवालाही गेला. ग्रंथपालबाईंनी पहिल्या भागाची एक प्रत घेतली, वाचनालयासाठी म्हणून, आणि खुर्च्या एकात एक घालताना एकदाही त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्यानं पुस्तकं खोक्यात भरायला घेतली. ताई समोर उभी राहून गठ्ठे देत होती. प्रत्येक मुखपृष्ठावर तीच दासी, गोल डोळ्यांची, तोंडाचा ‘आ’ झालेली. ताईनं एक गठ्ठा दिला, दुसरा दिला.

“आज तू लवकर हसलीस,” तो म्हणाला.

“दोन म्हटलं मी.”

“भरभर म्हटलंस.”

“असेल.”

त्यानं चिकटपट्टीचं टोक शोधलं, ते नखाला लागेना. पट्टी फिरवत फिरवत तो बोलू लागला, तिच्याशी की खोक्याशी, कळत नव्हतं.

“नाही, तुझं काही नाही. वाक्यातच कुठंतरी बिघाड आहे. मला ती भीती नीट सापडलेलीच नाही कधी. आईला विचारलं होतं मी एकदा, ती म्हणाली, पोरगी भेदरली असेल. बाबा तर चारचौघांत सांगायचे तेव्हा दर वेळी नवंच कारण सांगायचे. तुलाच विचारायचं राहिलं.” त्यानं वर पाहिलं. “तुला नक्की कशाची भीती वाटली गं, ताई? राजाची? की लोकांची?”

“आता काय करायचंय ते कळून? सोमवारपासून तू खोकी लावणार.”

“असंच. एकदा बरोबर काढून ठेवतो. एकच चौकट.”

ताईनं पुढचा गठ्ठा उचलला होता. तो तिनं परत टेबलावर ठेवला आणि त्याच्या कडा सारख्या करत राहिली. सारख्याच होत्या, तरी करत राहिली.

“भीती नव्हती वाटली,” ती म्हणाली.

“मग? चुकलीस कशी?”

“चुकले नव्हते.”

त्याच्या हातातली चिकटपट्टी थांबली.

“मला पाठ होतं. माझं काय, राजाचंसुद्धा पाठ होतं. पुढच्या वर्षी मला राणी करणार होत्या बाई.” ती खालच्या आवाजात, न थांबता बोलत होती, वर्षानुवर्षं मनात म्हणून घोटलेलं असावं तसं. “मी ‘शत्रू दारात आलाय’ म्हटलं आणि माझं लक्ष तुझ्याकडे गेलं. तू पुठ्ठ्यात उभा होतास. पुठ्ठ्याखालून पाणी यायला लागलं होतं, फळ्यांवरून पुढे पुढे. तू हलला नाहीस. हलायचं नाही असं सांगितलं होतं ना तुला, म्हणून. नुसता माझ्याकडे बघत होतास. पहिल्या रांगेतल्या एका मुलानं बोट दाखवलं, मग त्याच्या शेजारच्यानं. अजून हसले नव्हते. हसणारच होते.”

खाली कुणीतरी खिडक्या लावून घेत होतं. एकेक कडी बसल्याचा आवाज वर येत होता.

“अगं, मग इतकी वर्षं...” तो खाली, आपल्या पायांकडे पाहत होता.

“तू विसरला होतास. बरं होतं ते. सांगितलं असतं तर तुला आठवलं असतं.” ताईनं गठ्ठा उचलून खोक्यात ठेवला, चित्र खाली करून. “तोंडात तलवारच होती रे माझ्या. पण म्हटलं, यांना हसायचंच आहे, तर इकडे बघून हसू देत.”