पडवीची पन्हळ

पत्र्याच्या पन्हळीतला गाळ ओढून काढायचं मशीन आमच्याकडे आहे. श्रीरामपूरच्या चारी बाजूंना असं मशीन दुसऱ्या कुणाकडे नाही. ते कुणाला नको असतं, हे आम्हाला घेतल्यावर कळलं.

काम सोपं आहे. छपरावर झाड असलं की पन्हळीत पाला पडतो, त्याची माती होते, मातीत रोप येतं, आणि पावसाचं पाणी पाइपात जायचं सोडून भिंतीवरून उतरतं. पूर्वी माणूस शिडी लावून चढायचा, हाताने उकरायचा आणि अधूनमधून पडायचा. आमचा माणूस खालीच असतो. काळ्या हलक्या नळ्या एकीत एक जोडून वर चढवायच्या, टोकाला वाकडं तोंड, तोंडाशी बारीक कॅमेरा. खाली मोटार आणि पिंप. माझा जोडीदार अजिनाथ नळी धरतो, मी स्क्रीनकडे बघत डावीकडे-उजवीकडे सांगतो. आमची आई शेजारपाजारी सांगते की पोरगं कॅमेऱ्याच्या लाइनीत आहे.

टेम्पोवर आम्ही आधी 'गटर क्लिनिंग' असं लिहिलं होतं. लोक आम्हाला हाताला धरून नाल्याकडे न्यायचे. म्हणून खाली घराच्या छपराचं चित्र काढून घेतलं. तेव्हापासून लोक घराला रंग द्यायला बोलावतात.

मे महिन्याच्या शेवटी पाथर्डीच्या पूर्वेकडच्या एका वाडीतून फोन आला. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, सविता मॅडम. शाळेच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी मागच्या टाकीत साठवायचं, अशी सोय होती. गेल्या पावसाळ्यात टाकीत फक्त एक बेडूक आला.

"तोही चालत आला," मॅडम म्हणाल्या.

आम्ही गेलो तेव्हा वाडी भरलेली होती. दिवाळीनंतर इथली बहुतेक घरं कुलूप लावून ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परत येतात. तेवढे महिने लहान पोरं शाळेच्या हंगामी वसतिगृहात राहतात. आता सगळेच घरी होते आणि कुणाला काही काम नव्हतं, त्यामुळे आम्हाला बघायला गर्दी चांगली झाली.

मशीन सुरू केलं. शाळेच्या डोक्यावर जुना कडुलिंब होता, पन्हळ काठोकाठ भरलेली. धबाधब गाळ पिंपात यायला लागला. मधेच चेंडू, अर्धी कंपासपेटी, एक चप्पल.

"उजवी का डावी?" गर्दीतून रामहरी तात्या ओरडले. सत्तरीचे, तोंडात दात मोजके.

"डावी."

"मंग माझी न्हाई."

एक बाई पुढे आली. डोक्यावर पदर, हातात रिकामी कळशी. पिंपात वाकून बघत म्हणाली, "यात काय काय येतं रं बाबा?"

"सगळं येतं मावशी," मी म्हणालो. "सासू वर ठेवली तर तीबी येईल."

लोक हसले. ती हसली नाही.

"दात येतो का?"

मला वाटलं, तीही गंमतच करतेय. "कुणाचा?"

"आमच्या करणचा. वर टाकलाय त्यानं."

गर्दी गप्प झाली. एवढी गर्दी एकदम गप्प होते तेव्हा आपल्याला सोडून सगळ्यांना काहीतरी माहीत असतं. अजिनाथने मोटार बंद केली.

लंकाबाई तिचं नाव. मागच्याच्या मागच्या हंगामात ती आणि नवरा कर्नाटकाकडच्या कारखान्याला गेले होते. करण दुसरीत, वसतिगृहात. एका सकाळी मुकादमाच्या मोबाईलवर त्याचा फोन आला. आई, दात पडला. पत्र्यावर टाकला. दुधाचा दात पत्र्यावर टाकला की नवीन लवकर येतो, म्हणून इथली सगळी पोरं टाकतात. लंकाबाईने विचारलं, उंदीरमामाला सांगितलंस का, नवा दे म्हणून? तो म्हणाला, सांगितलं. तेवढंच बोलणं झालं, मुकादमाला मोबाईल हवा होता. मग पोराला ताप आला. ताप डोक्यात गेला. हे दोघं उसाच्या ट्रकमधून बसत-उतरत पोचले, तोवर सगळं उरकलं होतं.

"कापडं त्याच्यासंगट गेली," लंकाबाई म्हणाली. "फोटो हुता मोबाईलमदी, त्यो मोबाईल बंद पडला."

"शाळेत एक ग्रुप फोटो आहे," सविता मॅडम हळूच म्हणाल्या. "झेंडावंदनाचा."

"त्यात झेंडा त्याच्या तोंडावर आलाय," लंकाबाई म्हणाली. तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगितलं.

अजिनाथने टेम्पोतली ताडपत्री काढली, अंगणात पसरली आणि पिंप उपडं केलं.

बायकांनी घरून चाळण्या आणल्या. गाळ भिजवून चाळायला सुरुवात झाली. आणि दात निघायला लागले.

एक नाही, दोन नाही. शाळा जुनी होती. वाडीतल्या पिढ्याच्या पिढ्या पत्र्याखालून शिकून गेल्या होत्या आणि जाताना दात ठेवून गेल्या होत्या. मॅडमनी पोषण आहाराचं एक ताट आणलं, त्यात आम्ही ते ठेवत गेलो. थोड्या वेळात ताट असं दिसायला लागलं की कुणी जेवायला बसावं आणि ताटानंच त्याला खावं.

"ह्यो आमच्या सुकन्याचा," एक बाई म्हणाली.

"कशावरून?"

"पुढं हुता तिचा दात. नवऱ्याच्या घरी अजून नाव ठिवत्यात."

रामहरी तात्यांनी ताटातून एक भली मोठी दाढ उचलली. "ही माझी."

"तात्या, ही दुधाची नाही."

"मला ठाऊक हाय. साठीत पडली तवा टाकली हुती. म्हणलं, बघावं." त्यांनी दाढ धोतराला पुसली आणि हिरडीवर बसवून बघितली. "अजून बी माप बरूबर हाय."

लंकाबाई एकेक दात हातात घेऊन उजेडात धरत होती आणि खाली ठेवत होती. करणच्या दाताची खूण तिला माहीत होती. वरचा, पुढचा, कोपरा उडालेला. पैज लावून तो हापशाच्या दांड्याला चावला होता. पैज तो जिंकला होता, असं ती म्हणाली. पैज नेमकी काय होती ते विचारायचं माझ्याच्याने झालं नाही.

सगळा गाळ चाळून झाला. कोपरा उडालेला दात निघाला नाही.

अजिनाथ मला टेम्पोमागे घेऊन गेला. त्याच्या मुठीत ताटातला एक दात होता.

"भागवत, पक्कड दे."

"काय करतो?"

"कोपरा उडवतो. बाईचं समाधान तरी होईल."

मी पक्कड दिली. ही कल्पना त्याची होती, पण ती मलाही पटली होती. त्याने हलकेच दाबलं आणि दाताचा भुगा झाला. आम्ही दोघं त्या भुग्याकडे बघत उभे राहिलो. दात कुणाचा होता कोण जाणे. वर एवढी वर्षं ऊनपाऊस काढला होता त्याने, आणि खाली आल्यावर आमच्या हातून गेला.

परत आलो तर लंकाबाई पत्र्याकडे बघत उभी होती.

"येवढ्या वर कसा टाकंल त्यो?" ती म्हणाली. "येवढा तर हुता." तिने कमरेशी हात धरला.

हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मोठ्या पोरांनी मोठ्या पत्र्यावर टाकले असतील. दात खड्यासारखा जात नाही, हलका असतो. अजिनाथ तिथंच गुडघ्यांवर बसला, लंकाबाईच्या हाताएवढा झाला आणि खडा उचलला.

"खडा जड हाय," रामहरी तात्या म्हणाले. "दात घे."

"तुमची दाढ द्या मग."

"माझी का म्हणून? आत्ता तर घावली." त्यांनी तोंड मिटून घेतलं.

मॅडमनी ताट पुढे केलं. अजिनाथने कुणाचातरी दात घेऊन वर फेकला. तो पत्र्याच्या खालीच भिंतीला लागून परत आला. दुसऱ्यांदा तेच.

"डाव्या हातानं," लंकाबाई म्हणाली. "डावखुरा हुता. आन् सयपाकाच्या खोलीशी ऱ्हायचा उभा. खिचडी कवा हुती बघत."

अजिनाथ गुडघ्यांवरच सरकत स्वयंपाकाच्या खोलीपाशी गेला. सगळी वाडी त्याच्या मागून. डाव्या हाताने त्याने दात फेकला. तिथं बुटकी पडवी होती. दात पडवीच्या पत्र्यावर टणकन वाजला, घरंगळला आणि कोपऱ्यातल्या पन्हळीत जाऊन थांबला.

ती पन्हळ अजून साफ करायची होती.

मोटार लावली नाही. नुसता कॅमेरा वर नेला. स्क्रीनवर काळा गाळ, काड्या, अजिनाथने आत्ता टाकलेला दात वरच. मग एका कडुलिंबाच्या रोपाच्या बुडाशी, मुळाच्या वेटोळ्यात, पांढरं काहीतरी. अजिनाथने नळी जवळ नेली. दात. वरचा, पुढचा. कोपरा उडालेला.

लंकाबाईने स्क्रीनच्या काचेवर बोट ठेवलं. सगळ्यांना दिसावं म्हणून मी स्क्रीन वर धरला होता, तो तिने ओढून पदराखाली घेतला. उन्हात नीट दिसत नाही, म्हणाली. बराच वेळ ती पदरात डोकं घालून उभी होती. अजिनाथने तेवढा वेळ नळी हलू दिली नाही.

"काढू का मावशी?" मी विचारलं. "शिडी लावून हातानं काढतो. मशीन नको."

तिने पदर बाजूला केला. "काढून कुठं ठिवू?"

"घरात."

"दिवाळीला घर बंद करून जातो आमी. उंदरं, चोर. संगट न्यावं तर पाचटाच्या कोपीत काय ठरतंय? आज ह्या फडात, उद्या त्या. हितं शाळंत कुणीतरी असतंय."

मग स्क्रीन माझ्या हातात देऊन म्हणाली, "त्यालाबी असंच म्हणून हितं ठिवून गेल्ते."

सविता मॅडम आत निघून गेल्या.

आम्ही मोठी पन्हळ चकाचक केली. पडवीची राहू दिली. लंकाबाईला न सांगता अजिनाथने शिडी लावून त्या रोपाभोवतीची माती दोन्ही हातांनी जरा दाबली. ताट मॅडमनी कपाटात ठेवलं. अजिनाथने पडवीवर फेकलेला दात काढायचा राहून गेला.

पावसाळ्यात मॅडमचा फोन आला. टाकी भरली होती. पण पडवीची पन्हळ भरून वाहते, भिंतीला ओल येते.

"आणि लंकाबाई दर पावसात त्या धारेखाली कळशी लावते. टाकीतलं घे म्हटलं तर ऐकत नाही. तुम्ही येऊन तेवढं..."

"मशीन दुरुस्तीला टाकलंय मॅडम," मी म्हणालो.

"बरं," मॅडम लगेच म्हणाल्या. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही.

दिवाळीनंतर वाडी रिकामी झाली. थंडीत एकदा अनोळखी नंबरवरून फोन आला. मागे ट्रॅक्टरचा आवाज.

"भागवत का रं? मी लंकाबाई. मुकादमाचा मोबाईल हाय. आपल्याकडं अवकाळी झाला म्हनं. गारा पडल्या?"

"झाला जरा."

"पडवीचं बघून यिशील का?"

दुसऱ्या दिवशी आम्ही टेम्पो काढला. काम नसताना मशीन घेऊन तालुका ओलांडायची ती पहिलीच वेळ. वसतिगृहाची पोरं व्हरांड्यात बसून जेवत होती. पडवीच्या पत्र्याला गारांनी पोचे पाडले होते. अजिनाथने कॅमेरा वर नेला.

रोप नव्हतं. गाळ नव्हता. पन्हळ या टोकापासून त्या टोकापर्यंत धुऊन निघाली होती, आम्ही केली असती तर बिल लावताना फोटो काढला असता अशी. दोन्हींपैकी एकही दात नव्हता. खाली पाइपाच्या तोंडाशी बघितलं. टाकीच्या झाकणाशी बघितलं. टाकी भरलेली होती आणि पोरं तिचंच पाणी पीत होती.

"साफ आहे," अजिनाथ म्हणाला. त्याने नळी मात्र खाली घेतली नाही.

खिशातला मोबाईल वाजला. तोच नंबर.

"हाय का रं?"

मी स्क्रीनकडे बघितलं. रिकामा पत्रा चमकत होता.

"हाय मावशी."

"तिथंच?"

"तिथंच. मुळापाशी."

तिने श्वास सोडला तो ट्रॅक्टरच्या आवाजातूनही ऐकू आला. "मंग वरून जरा माती टाकता का? पालाबिला. पुन्यांदा पाऊस आला तर वाहून जायचा."

"टाकतो."

फोन मुकादमाने घेतला असावा, बंद झाला. अजिनाथला काही सांगायला लागलं नाही. त्याने शिडी मागितली. कडुलिंबाखालचा पाला आणि माती मी घमेल्यात भरली, त्याने वर चढून त्या कोपऱ्यात ओतली आणि दोन्ही हातांनी दाबून बसवली. जेवणारं एक पोरगं घास तोंडात धरून आमच्याकडे बघत होतं. त्याचा पुढचा दात हलत होता.

"ओ, तुमी तर साफ करनारे ना?" ते म्हणालं.

"हो," मी म्हणालो, आणि दुसरं घमेलं भरलं.